दुसऱ्या बाळाआधी जनुकीय तपासणी करावी का?

प्रश्न : माझे लग्न आतेभावाशी झाले आहे, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. आमच्या पहिल्या मुलाच्या हातापायांत जोर नव्हता; आठव्या महिन्यात तो गेला. डॉक्टरांना एसएमएचा (स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजाराचा) संशय होता, पण रक्ततपासणी राहून गेली. ‘चारांत एकाला होतो म्हणाले ना, ते एक होऊन गेले,’ असे आत्या म्हणतात. तपासणी केल्यास पुढचे बाळ निरोगी होईल याची खात्री मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्राने मन हेलावले. तशी खात्री कोणतीही तपासणी देत नाही. तरीही तुम्ही ती अवश्य करावी, आणि दिवस जाण्याआधीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्यांचा हिशेब बरोबर नाही. एसएमएमध्ये सदोष जनुक सहसा आई आणि वडील दोघांकडून येते. तुम्ही दोघेही वाहक असाल, म्हणजे प्रत्येकाकडे त्या जनुकाची एक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता नव्याने २५ टक्के असते. आधीच्या बाळामुळे ती कमी होत नाही. तुमचे आणि पतीचे एक आजी-आजोबा सामाईक असल्याने एकच सदोष जनुक दोघांकडे उतरण्याची शक्यता इतर जोडप्यांपेक्षा अधिक आहे. वाहक स्वतः धडधाकट असतात, त्यामुळे यात कुणालाही बोल लावू नये.

जनुकीय आजारांबाबत सल्ला देणाऱ्या समुपदेशक प्रथम किमान तीन पिढ्यांची वंशावळ मांडतात. घरात ‘तापाने गेलं’ एवढीच आठवण उरलेली तान्ही मुले, वारंवार झालेले गर्भपात, नात्यातील लग्ने असे सारे त्या विचारतील. बाळाची फाइल आणि शक्य असल्यास आत्यांनाही सोबत न्या, कारण तुमच्या माहेरची आणि सासरची माहिती त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला असेल.

एसएमए झालेल्या सुमारे ९५ टक्के मुलांत एसएमएन१ या जनुकाचा ठरावीक भाग दोन्ही प्रतींत गळालेला असतो, त्यामुळे तुमच्या दोघांच्या रक्तावरून वाहकपणा बहुतेक वेळा कळतो. थोडे वाहक मात्र निसटतात. दोघेही वाहक निघालात, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा त्यानंतर साधारण सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासता येते. त्यात गर्भपाताचा अल्प धोका असतो, आणि उत्तर मिळते ते त्या एका आजारापुरतेच. आईच्या रक्तावरून डाऊन सिंड्रोमसाठी करतात ती चाचणी एसएमए शोधण्यासाठी नसते. तिच्यावर विसंबून राहू नका.

दोघेही वाहक निघाला नाहीत, तर बाळाचा आजार वेगळा असण्याचा विचार करावा लागेल. अशा वेळी व्यापक जनुकीय तपासणी सुचवली जाते, पण तिच्या अहवालात कधी असे बदल सापडतात ज्यांचा अर्थ आज ठामपणे सांगता येत नाही. अशा बदलावरून गर्भाबाबत निर्णय घेऊ नये.

१९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार गर्भाची ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच, तुमच्या लेखी संमतीने होते आणि लिंग सांगितले जात नाही. तुम्ही वाहक निघालात, तर दोघांच्याही भावंडांना कळवा; नात्यातच सोयरीक ठरत असेल, तर लग्नाआधीच कळवा.