घड्याळ कुठे सुरू करायचं?

ओपीडीचा प्रतीक्षाकाळ मोजायला बसलायस, तर आधी घड्याळ कुठे सुरू होतं ते ठरव. केसपेपर काढला तिथून मोजलंस, तर आकडा छान दिसेल आणि खोटा असेल. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दोडामार्ग-सावंतवाडीहून पहाटेची गाडी पकडून आलेली म्हातारी खिडकी उघडायच्या आधीपासून रांगेत असते. ती वेळ कुठल्याच रजिस्टरात येत नाही. आठवडाभर सकाळी स्वतः दारात उभा राहा. चहा घेऊन जा हवं तर.

मी नवा असताना एका इस्पितळात सरासरी काढून साहेबांपुढे ठेवली होती. फजिती झाली. पाच जण २०, २५, ३०, ४० आणि २३५ मिनिटं थांबले, तर सरासरी येते ७०. पण ७० मिनिटं थांबलं कोण? कुणीच नाही! मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, ३० सांग, आणि सगळ्यात जास्त थांबलेल्याचं वेगळं सांग. तो का थांबला हे विचारलंस की खरी गोष्ट कळते: बहुतेकदा एक्स-रे नाहीतर रिपोर्ट.

खाटा किती भरलेल्या असतात ते काढणं सोपं आहे. रोज मध्यरात्रीची रुग्णगणना घे, महिन्याची बेरीज कर (हेच रुग्णदिवस), खाटा गुणिले दिवस यांनी भाग. १०० खाटा, ३० दिवस, २७०० रुग्णदिवस म्हणजे ९० टक्के. जमिनीवर गादी घालून झोपवलेले रुग्ण मात्र विसरू नकोस; त्यांच्यामुळेच आकडा १०० च्या वर जातो.

शस्त्रक्रियेच्या यादीत तारीख पुढे ढकलली तर जुनी तारीख खोडू नकोस हां, नाहीतर रुग्ण खरा किती थांबला ते कळणार नाही.