पिनकोडपर्यंत दम पुरला पाहिजे

प्रिय मुली,

तुझा निरोप आणि त्यासोबतचे पळण्याच्या ॲपचे तीन फोटो काल रात्री पाहिले. ऑक्टोबरच्या मध्यावर आठ किलोमीटर, दर किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तेवढंच अंतर ६:२५ नं. आणि परवाचं ७:०५, तेही नडगी दुखली म्हणून पाचव्या किलोमीटरला सोडून दिलेलं. खाली एकच ओळ, "काका, मी सुधारले होते ना? मग ते गेलं कुठे?"

वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. तुझा नाही, ६:२५ च्या खाली ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचा. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की त्या दिवशी हवा कशी होती.

गेलं कुठेच नाही. त्यातलं बरंचसं हवेचं होतं, तुझं नव्हतंच. ऑक्टोबरात आपल्याकडे मुंबईत पहाटे साडेपाचलाही २५-२६ अंश असतात आणि हवा ओल्या फडक्यासारखी. घाम येतो पण वाळत नाही, आणि तो वाळला नाही तर अंग निवत नाही. मग हृदयाला दोन गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. मांड्या-पोटऱ्यांना रक्त द्यायचं आणि आतली उष्णता बाहेर टाकायला कातडीलाही द्यायचं. पारा १८ वर आला की दुसऱ्या गिऱ्हाइकाची मागणी घटते, ते रक्त पायांना मिळतं आणि तेवढ्याच ठोक्यांत तू जास्त वेगानं पळतेस. दोन महिन्यांत दम थोडा वाढतो, ते कबूल. पण किलोमीटरमागे जे ५५ सेकंद तू आपल्या खात्यावर जमा धरलेस, त्यातला मोठा हिस्सा थंडीनं हातउसना दिलेला होता. आणि तू तो खर्चून बसलीस.

कसा, ते तुझ्याच आकड्यांत दिसतंय. दिवाळीनंतरच्या चार आठवड्यांत आठवड्याचे १८ किलोमीटर ३४ वर नेलेस. आठवड्याला दहा टक्के वाढ आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी कपात, हा ढोबळ हिशेब तुला माहीत होता. पण पाय हलके वाटत होते, धाप लागत नव्हती, मग कशाला थांबायचं? इथेच सगळे फसतात. दम काही आठवड्यांत तयार होतो. हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. हाडावर भार वाढला की ते आधी आतला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. इमारतीच्या रिपेरिंगसारखंच आहे हे. परांची बांधली, जुनं प्लास्टर फोडलं, नवं अजून चढायचंय. नेमक्या त्याच दिवसांत तू गच्चीवर पाण्याची नवी टाकी चढवलीस. नोव्हेंबरात चढवलेलं ओझं म्हणून डिसेंबरात नडगीवर बोलतं.

आता नडगीचं बघ, आज रात्रीच. खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घे आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत अंगठ्यानं दाबत जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे सारखं हुळहुळत असेल आणि पळायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कमी होत असेल, तर हाडावरचं आवरण आणि त्याला चिकटलेले स्नायू कुरकुरताहेत. विश्रांती आणि पोटऱ्यांचा व्यायाम याला पुरतो. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, पळताना ती वाढत जात असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर पळणं त्या क्षणी बंद. हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचायचं नाही, हाडातली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. तसं निघालं तर जानेवारीची हाफ मॅरेथॉन, ती २१ किलोमीटरची शर्यत, रद्द. बिबाचे, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराचे, पैसे गेले तर गेले, यावर माझ्याशी घासाघीस करू नकोस.

समजा तसं काही नाही. मग माझं एकच मागणं आहे, तू ते तीन वेळा ऐकलंयस आणि तीन वेळा मान डोलावून विसरलीस. पळताना बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "चल" याला बोलणं म्हणत नाहीत. आपला पूर्ण पत्ता सांगायचा, खोली नंबर, इमारतीचं नाव, गल्ली, दादर पश्चिम, मुंबई आणि शेवटी पिनकोड, मध्ये श्वास न तोडता. पिनकोडचा शेवटचा आकडा गिळला गेला तर वेग जास्त आहे. ऑक्टोबरात हा वेग ७:४५ असेल, डिसेंबरात ७:१० असेल, मार्चमध्ये ८ असेल. आकडा हवेप्रमाणे बदलू दे, पत्ता बदलत नाही. आठवड्यातल्या चार दिवसांपैकी तीन दिवस याच वेगानं पळायचं. तू चारही दिवस त्या मधल्या वेगात पळतेस, जो आरामाचा नाही आणि मेहनतीचाही नाही. त्यात दम फारसा वाढत नाही, पाय मात्र रोज थकतात.

ग्रुपवर मला ब्रेककाका म्हणतात, माहीत आहे. वेगाशी माझं वैर नाही. चौथ्या दिवशी, अंग नीट तापल्यावर, एकेक मिनिटाचे सहा-आठ तुकडे खुशाल जोरात मार, मध्ये दोन-दोन मिनिटं चाल. पण नडगी गप्प झाल्यावर. माझ्या गुडघ्यांकडे बघून कुणी म्हणेल, हा आता दुसऱ्यांना शहाणपण शिकवतोय. म्हणू दे, खरंच आहे ते. ज्याला ब्रेक उशिरा सापडला त्यालाच त्याची किंमत कळते.

हवेचं दुसरं अंग आहे, ते तू अजिबात धरलं नाहीस. तू लिहितेस, शिवाजी पार्कात धूळ फार म्हणून वरळी सी फेसला जाते, समोर समुद्र आहे तर हवा चांगली असणार. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठव. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे पहाटे साडेपाचला सी फेसवर तुझ्या नाकात जातं ते शहराचंच रात्रभर साठलेलं, बांधकामांची धूळ, ट्रकांचा धूर, वॉचमनच्या शेकोट्या. त्यात हिवाळ्यात खालची हवा गार आणि वरची उबदार, झाकण घातल्यासारखी, त्यामुळे धूर वर जात नाही. समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारनंतर सुटतात. घरून काम असेल त्या दिवशी संध्याकाळी साडेचार-पाचला पळून बघ, त्याच सी फेसवर फरक कळेल.

रोज निघण्याआधी 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक बघ. १०० च्या आत असेल तर ठरल्याप्रमाणे पळ. १०१ ते २०० मध्ये फक्त पत्त्याचा वेग, जोराचे तुकडे नाहीत. बसल्याजागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरात पळताना ती ८० लिटरच्याही वर जाते आणि नाकाची गाळणी सोडून तोंडावाटे आत शिरते. २०० च्या वर बाहेर पळायचंच नाही, घरात पोटऱ्यांचा व्यायाम करायचा. एन-९५ मास्क लावून पळायचा विचार सोड, तो घामानं भिजला की श्वास कोंडतो. खोकल्याचं म्हणशील तर साधा नियम असा, त्रास मानेच्या वर असेल, शिंका, वाहतं नाक, तर हळू पळायला हरकत नाही. मानेच्या खाली उतरला, छातीत कफ, अंगात कसकस, तर नाही. तापात कधीच नाही.

पार्काच्या धुळीबद्दल तू म्हणतेस ते बरोबर आहे, हिवाळ्यात ती लाल माती उडते. कट्ट्याबाहेरून फेरी मार, सव्वा किलोमीटरला जरा कमी भरते. पण सगळे जातात त्याच दिशेनं रोज जाऊ नकोस. वळणावर आतला पाय नेहमी तोच राहतो. निम्म्या फेऱ्या उलट्या घे, लोक तोंड वाकडं करतील, करू देत. पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात तिथे अंधारात चालायचं. एका कानातला इअरफोन काढून ठेव.

कपड्यांवर फार बोलायला नको. सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंशांची नोंद आहे, तशी थंडी पडली तर स्वेटर घाल. १८ अंशांत कानटोपी आणि जाकीट घालून पळणाऱ्यांना बघून मला हसू येतं, पहिल्या किलोमीटरनंतर तेच जाकीट कमरेला बांधतात. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. अंग तापवायला दहा मिनिटं झपझप चालणं आणि दोन्ही पायांचे पुढे-मागे झोके. थंड स्नायू ताणून धरू नकोस.

थंडीत तहान कमी लागते, घाम मात्र येतोच. एकदा मोजून टाक. तासभर पळण्याआधी आणि घाम पुसून नंतर, कमीत कमी कपड्यांत वजन कर. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेलं, मध्ये काही प्यायली असशील तर ते वर मिळव. तासाच्या आतल्या पळण्याला घरी येऊन पाणी प्यायलं तरी चालतं. त्याहून लांब असेल तर लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी बाटलीत ने आणि तहान लागेल तसं पी. शर्यतीत प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसत गेलीस तर रक्तातलं मीठ पातळ होतं, ते कमी पाण्याहून घातक ठरू शकतं.

पोटऱ्यांचा व्यायाम सांगतो, कारण तो कुणीच करत नाही. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे, टाचा बाहेर लटकत्या, एका हातानं कठडा धर. दोन्ही पायांवर वर ये, एका पायावर खाली जा, खाली जाताना मनात तीनपर्यंत मोज. एका पायाचे पंधरा, मग दुसऱ्याचे, असे तीन वेळा. त्यानंतर हेच गुडघा थोडा वाकवून, कारण हाडालगतचा खोल स्नायू सरळ गुडघ्यानं नीट राबत नाही. आठवड्यातून तीन दिवस, पळून आल्यावर. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मला शिव्या देशील. आणि बुटाचे किलोमीटर मोज, ५०० ते ८०० झाले की तळ वरून कितीही चांगला दिसला तरी आतला फोम बसलेला असतो.

आता चार आठवडे. पहिल्यात पाच दिवस पळणं बंद, चालणं चालेल. मग पाच-पाच किलोमीटरचे दोन दिवस. दुसऱ्यात दोनदा पाच आणि रविवारी बारा. तिसऱ्यात दोनदा पाच आणि रविवारी दहा. शेवटच्या आठवड्यात चार-चारचे दोन दिवस, बस. हुकलेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत. सतरा तू डिसेंबरच्या सुरुवातीला पळालीयस, ते पायात आहेत. शर्यतीच्या आधी संक्रांत येईल, तिळाचे लाडू खा, दोन जास्त खा. गोड बोल म्हणतात ते मात्र शर्यतीतही पाळायचं, निदान पहिले दहा किलोमीटर.

आणि २ तास १५ मिनिटं हा आकडा डोक्यातून काढ. तो ६:२५ च्या रविवारवरून आलाय, म्हणजे उसन्या पैशांवर मांडलेला संसार. ७:२० नं गेलीस तर २ तास ३५ मिनिटं होतात. पहिले पाच किलोमीटर त्याहूनही हळू जा. अंधार असतो, गारवा असतो, ढोल वाजत असतात, हजारो लोक तुला मागे टाकत जातील. जाऊ दे. त्यातले बरेचसे हाजी अलीनंतर पेडर रोडच्या चढावर कमरेवर हात ठेवून चालताना भेटतील. मार्ग अधूनमधून बदलतो, यंदाचा नकाशा आधी नीट बघून ठेव. चढावर पावलं लहान कर, नजर आठ-दहा पावलांवर, घड्याळाकडे नाही. जानेवारीच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तुझे शेवटचे काही किलोमीटर बहुधा उजेडात आणि चढत्या उकाड्यात येतील. तिथे जे उरलेलं लागतं, ते पहिल्या पाचात वाचवलेलं असावं लागतं.

फेब्रुवारीत बहुतेक जण बूट माळ्यावर टाकतात, तू टाकू नकोस. शर्यतीनंतर आठवडाभर चाल, मग पुन्हा आठवड्याला १५-१८ किलोमीटर. महिनाअखेरीस एका सकाळी हवा एकदम जड होईल आणि तुझा ७:१० चा आरामाचा वेग ७:५० वर जाईल. तेव्हा मला पुन्हा असाच निरोप पाठवशील, "काका, काय चुकलं?" काही चुकलेलं नसेल. थंडीनं आपलं परत नेलेलं असेल. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस फक्त पत्ता म्हणत पळ.

नडगी दाबून काय कळलं ते झोपायच्या आधी लिही. नाण्याएवढी जागा की चार-पाच बोटांचा पट्टा, एवढंच. पाच दिवसांची विश्रांती संपली की येत्या रविवारी पावणेसहाला पार्कातल्या मीनाताई ठाकऱ्यांच्या पुतळ्यापाशी ये, घड्याळ घरी ठेवून.

तुझा,
ब्रेककाका