फोमच्या गादीतला शूचा वास

ताई, बाळाच्या शूचा वास फोमच्या गादीतून कसा घालवायचा असं विचारलंत, तर पहिली गोष्ट म्हणजे गादीवर बादलीभर पाणी ओतू नका. फोम स्पंजासारखा पाणी पितो, आतून आठवडाभर वाळत नाही आणि मग शूच्या वासात कुबट वासाची भर पडते. आमच्या धाकट्याच्या वेळी मी ऐन जुलैत हीच चूक केली. शेवटी गादी टाकून द्यावी लागली.

बाळाने शू केली की लगेच जुन्या सुती पंचाची घडी डागावर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबा. घासू नका, घासल्याने ओल खोल जाते. पंचा कोरडा निघेपर्यंत घड्या बदलत राहा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून हलकंसं फवारा, पुन्हा टिपा. वाळल्यावर खायचा सोडा जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. दोन्ही एकदम मात्र वापरू नका, एकमेकांचा असर मारतात.

जुना डाग पावसाळी दमट हवेत पुन्हा वास मारतो, कारण शूतल्या युरिक ॲसिडचे बारीक खडे आत राहतात. त्याला एन्झाइमवालं (हे खडे फोडणारं) क्लीनरच लागतं. गादी भिंतीला उभी करून पंखा लावा. कडक उन्हात रोज टाकलीत तर फोम पिवळा पडून भुगा होतो. आणि आजच वॉटरप्रूफ कव्हर घ्या!