‘जम बसला नाही तर?’

“मुलगी चांगली नोकरी सोडून गाणी करत बसली आहे, तिला जरा समजावून सांगाल का?” हा फोन मला अलीकडे वरचेवर येतो. कधी मुलीच्या जागी मुलगा असतो आणि गाण्यांच्या जागी लघुपट, पण ‘समजावून सांगाल का’ हे शब्द बदलत नाहीत. विचारणाऱ्याला त्या घडीला सल्ला नको असतो, आपल्या बाजूने बोलणारे कोणी हवे असते. अशा एका घराबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना माझी चूक झाली आणि ती चूक सुधारताना या प्रश्नाकडे पाहण्याची माझी रीत बदलली. त्या मुलीला मी इथे बदललेले नावही देत नाही, कारण स्वतः गाणी लिहून, स्वतः चाल बांधून ती गिटारवर म्हणणाऱ्या मुली नाशिकमध्ये एवढ्या थोड्या आहेत की नाव बदलून फारसे काही लपत नाही. मुलगी आणि तिचे आईवडील अशा तिघांच्याही परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

पहिल्या भेटीला आईवडील दोघेच आले. वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. त्यांनी येताना एक फाईल आणली होती आणि तिच्यात मुलीच्या अभियांत्रिकीच्या गुणपत्रिका, पुण्याच्या कंपनीचे नेमणूकपत्र आणि त्याच कंपनीने दिलेले कार्यमुक्तीचे पत्र, असे सगळे तारखेनुसार लावलेले होते. पगार महिना ३८ हजार होता, तो दीड वर्षानंतर तिने स्वतःहून सोडला. आईच्या पर्समध्ये वेगळाच कागद होता. लग्नासाठी तयार केलेल्या बायोडेटामध्ये ‘नोकरी/व्यवसाय’ हा रकाना कोरा होता आणि त्यात काय लिहायचे, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते. ‘गायिका’ लिहिले तर समोरचे लोक शास्त्रीय गाणे समजतात आणि कोणत्या बुवांकडे शिकली ते विचारतात, ‘गिटार वाजवते’ लिहिले तर तो छंद वाटतो, आणि काहीच लिहिले नाही तर मुलगी घरी बसली आहे असा अर्थ होतो. अडचण विनोदी वाटली तरी खरी होती. आपण करतो त्या कामाला आपल्या माणसांच्या भाषेत नाव नसणे हे ते काम करणाऱ्यालाही जड जाते, आणि हे त्या आईच्या लक्षात आमच्या सगळ्यांच्या आधी आले होते, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

वडिलांना कल चाचणी हवी होती, तीही छापील अहवालासह. चाचण्यांना माझा विरोध नाही, मी त्या रोज घेते. भाषा, आकडे, अवकाशाची समज, हातांचे कौशल्य यांचा अंदाज त्यांतून येतो आणि दहावी-बारावीच्या मुलांना त्याचा उपयोगही होतो. परंतु पंचवीस वर्षांच्या मुलीने लिहिलेले गाणे ऐकायला शनिवारी रात्री चार माणसे थांबतील की नाही, हे सांगणारी चाचणी कोणाकडेच नाही.

मुलगी पुढच्या आठवड्यात एकटी आली. डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांवर, स्टीलच्या तारा दाबून पडतात तसे, कडक घट्टे पडलेले होते आणि बोलताना ती अंगठ्याने ते एकेक करून चाचपत होती. पन्नास मिनिटांत तिने फोन सहा वेळा पाहिला. कोणाचा निरोप यायचा होता असे नाही. आपल्या गाण्यांचे श्रोते दाखवणारे ॲप ती उघडत होती. तिची पाच गाणी प्रसिद्ध झाली होती. त्यांतले एक स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या मंचावर ८७० वेळा ऐकले जाऊन तिथेच थांबले होते, आणि हा आकडा तिला सलत होता, कारण २०२४ पासून त्या मंचावर मागच्या १२ महिन्यांत किमान हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. ऐकणाऱ्याने गाणे निदान ३० सेकंद सुरू ठेवले तरच ते एकदा ऐकले असे धरतात, म्हणून तिने गाण्याच्या सुरुवातीची नुसत्या गिटारची लकेर कापून टाकली होती. ती लकेर कापल्याचे सांगताना तिचा आवाज बदलला. तिथे मी थांबून विचारायला हवे होते, पण मी पैशांकडे वळले.

तिला वर्षाचा हिशेब विचारला तेव्हा तो तिला माहीत नव्हता. अंदाजही नव्हता. ‘फार काही नाही मिळत’ असे ती म्हणाली, आणि वडीलही नेमके हेच शब्द वापरून गेले होते, म्हणजे ज्या आकड्यावरून घरात वर्षभर भांडण होत होते तो आकडा कोणी पाहिलेलाच नव्हता. आम्ही वहीत बारा महिने मांडले. इंदिरानगरातल्या नऊ विद्यार्थ्यांची गिटारची शिकवणी होती, पण मार्चमध्ये परीक्षा आणि मेमध्ये सुट्टी, म्हणून ती धरायची दहाच महिने, त्याचे १ लाख ३५ हजार. गंगापूर रस्त्यावरच्या कॅफेंमध्ये वर्षभरात २८ संध्याकाळी, प्रत्येकी अडीच हजार. तिथे बहुतेक वेळ फर्माइशीची हिंदी गाणी आणि तासाभरात स्वतःची दोन. लग्नसराईत द्राक्षमळ्यांतल्या रिसॉर्टांवर संगीताचे पाच कार्यक्रम, त्यांचे ४० हजार. पाचही गाण्यांच्या ऐकण्यातून ६४० रुपये, आणि हे वर्षाचे. एकूण २ लाख ४५ हजार ६४०. त्यातून तीन गाण्यांचे ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग, मुंबईच्या खेपा आणि तारा यांचे ६९ हजार वजा केले की महिन्याला पावणेपंधरा हजारांच्या आसपास उरत होते. तिने ती बेरीज दोनदा केली. तिला वाटले होते त्याहून आकडा मोठा होता, आणि तिची खरी मिळकत, ज्याकडे ती दिवसातून चाळीस वेळा पाहत होती तिथून येतच नव्हती.

तिसऱ्या भेटीला तिघेही आले आणि इथे माझी चूक झाली. वडिलांनी तोडगा सुचवला की दोन वर्षे तिने हवे ते करावे, त्यात जम बसला नाही तर नोकरी धरावी. तोडगा समंजस वाटला, मुलगीही हो म्हणाली, आणि मी तो कागदावर लिहून त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या. खोलीतला ताण उतरला तेव्हा मला आपले काम चांगले झाल्याचे समाधानही वाटले.

चार महिन्यांनी ती परत आली ती झोप उडाल्याची तक्रार घेऊन. त्या चार महिन्यांत एकही गाणे पुरे झाले नव्हते. सुचलेली ओळ लिहायच्या आधी ती चालेल का, हा विचार येत होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने उरलेले महिने उलटे मोजायला सुरुवात केली होती. मी प्रत्येकाला वेगवेगळे विचारले की ‘जम बसणे’ म्हणजे तुमच्या दृष्टीने काय. वडिलांच्या मते दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पैसा, आईच्या मते बायोडेटात लिहिता येईल असे काही, आणि तिच्या मते एक गाणे लोकांनी उचलून धरणे. तीन वेगवेगळ्या गोष्टींवर मी एका शब्दाखाली सह्या घेतल्या होत्या. त्यातही तिच्या अर्थाची गोष्ट तिच्या हातातली नव्हती, आणि जे आपल्या हातात नाही त्याला मुदत लावली की माणूस काम सोडून वाट पाहू लागतो. ॲपवरचा आकडा कधी हलतो, कधी हलत नाही, आणि असे अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. मी तिच्या त्या सवयीला वर आणखी एक तारीख जोडून दिली होती.

पुढच्या एकत्र बैठकीत मी हे तिघांसमोर कबूल केले आणि तो कागद परत मागून घेतला. मुदत निकालाला न लावता कामाला लावू, असे सुचवले. वडिलांना ते पटेना. “काम केले आणि निकाल शून्य, तर?” असे ते म्हणाले. प्रश्न योग्य होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. मी त्यांनाच विचारले की टूलरूममध्ये नवी डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचा साचा, करताना काय करत होतात. ते सांगू लागले. आधी ड्रॉइंग, मग जॉब कार्ड, त्यावर प्रत्येक कामाचे तास, मग ट्रायल. पहिल्या ट्रायलचे पीस कधी धड निघत नाहीत, कुठे बर, म्हणजे कडेला धातूची खरखरीत धार, राहते, कुठे माप चुकते, मग डाय उतरवून पुन्हा घासायची. “पहिल्या ट्रायलला पास झालेली डाय मी तीस वर्षांत पाहिली नाही, मॅडम,” एवढे बोलून ते थांबले. मुलीने विचारले, “मग बाबा, तुम्हाला साहेब पगार कशाचा द्यायचे?” ते हसले नाहीत, पण कागद त्यांनीच ओढून घेतला.

त्या कागदावर सहा महिन्यांचे जे ठरले ते असे. चार गाणी, आवडोत न आवडोत, घरच्या ध्वनिमुद्रणापर्यंत पुरी करायची. सहा ठिकाणी जाऊन फक्त स्वतःच्या गाण्यांच्या संध्याकाळीविषयी विचारायचे, होकार मिळो वा नकार. मानधन आधी लेखी ठरवायचे. ॲप फक्त रविवारी उघडायचे. हिशेबाची वही वडिलांकडे राहील, मात्र त्यात शेरे लिहायचे नाहीत. शिकवणीचे तास वाढवण्याची कल्पना आईची होती आणि ती मुलीने मानली, कारण तिला मिळणाऱ्या पैशांतला सर्वांत भरवशाचा भाग तोच होता.

या बैठकीत ॲपचा विषय निघाला तेव्हा आई जरा गडबडल्या. मग सांगू लागल्या की सकाळी पोळ्या करताना त्या ओट्याशेजारी फोन ठेवून मुलीचे ते अडकलेले गाणे बारीक आवाजात पुन्हा पुन्हा लावतात, हजार व्हावेत म्हणून. मुलीला हे ठाऊक नव्हते. वडिलांनाही नव्हते. नोकरी सोडली म्हणून चार महिने तिच्याशी जेमतेम बोलणारी आई तिच्या ओळी पाठ म्हणू शकत होती, आणि एक शब्द त्यांना खटकत होता तोही त्यांनी तिथेच सांगून टाकला. त्यावर दोघींचा जो वाद झाला तो त्या घरातला गाण्याविषयीचा, करिअर हा शब्द न येता झालेला, बहुधा पहिलाच वाद असावा.

मधल्या काळात मुंबईच्या एका कंपनीने तिचे एक गाणे दहा हजार रुपयांना, सर्व हक्कांसह मागितले. तिला ते मोठे यश वाटले. करार वडिलांनी वाचला आणि मला फोन केला. मी कायदा जाणत नाही, म्हणून त्यांना वकिलाकडे पाठवले, पण तिथून आल्यावर त्यांनी मला जे समजावले ते अशा प्रत्येक घराला माहीत असावे असे आहे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट वेगळा असतो आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेलाच देता येतो. साठ वर्षांच्या आकड्याने ते गृहस्थ हलले होते. “माझी पेन्शन माझ्यामागे हिच्या आईपर्यंत,” ते म्हणाले, “आणि हिच्या चार ओळी साठ वर्षे?” त्या ओळींतून आज वर्षाला ६४० रुपये येतात, ही आठवण मी त्यांना करून दिली. ती त्यांच्या लक्षात होतीच. गाणे विकले नाही. दहा हजार हातचे गेले, याचे मुलीला दोन आठवडे वाईट वाटत राहिले आणि ते वाटू द्यावे असेच मी ठरवले.

अशा घरांत मोठ्यांची उदाहरणे दोन्ही बाजूंनी दिली जातात. याही घरात पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे नाव निघाले होते, पंचवटीतला त्यांचा रामनाम आधाराश्रम आपल्याच गावातला म्हणून. गाणाऱ्याला समाजात मान मिळवून देण्यासाठी ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्याच पलुसकरांची मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. मुलगी यातला पहिला भाग सांगत होती, वडील दुसरा. दोघेही खरे होते आणि त्यातून काहीच ठरत नव्हते. मी आता अशी उदाहरणे निघाली की वही उघडायला सांगते.

सहा महिन्यांनी चारपैकी तीन गाणी पुरी झाली होती. सहा ठिकाणांपैकी चार ठिकाणी नकार मिळाला, एकाने कळवतो म्हणून कळवले नाही, आणि कॉलेज रोडवरच्या एका छोट्या कॅफेने महिन्यातला एक गुरुवार फक्त तिच्या गाण्यांना दिला, तोही नेहमीच्या निम्म्या मानधनावर. पहिल्या गुरुवारी एकोणीस माणसे होती, त्यांत नातेवाईक सहा. मिळकत वाढलेली नाही. झोप पूर्ववत झाली आहे. कापलेली लकेर तिने प्रत्यक्ष गाताना परत जोडली आहे. स्थळे येतात, आईचा रकाना कोराच आहे, आणि त्यात काय लिहायचे हे मुलीने ठरवावे, इथपर्यंत त्या आल्या आहेत. दुसऱ्या सहामाहीचा कागद त्यांनी माझ्याकडे न येता घरीच केला आणि मला फोटो पाठवला. मुलीच्या अक्षरातल्या पाच ओळींखाली वडिलांच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली आहे: ‘मेंटेनन्स: दर सहा आठवड्यांनी तारा बदलणे, खर्च वहीत.’