मित्र की नुसते गावचे?

चिऊ,

परवा शनिवारी रात्री माझा गावाकडचा फोन संपल्यावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही, डिशवॉशर लावायचं निमित्त काढून उठलो. डिशवॉशर अर्धा रिकामाच होता, ते तुझ्या आईनं बरोबर ओळखलं.

तू म्हणालीस, बाबा, चाळीस मिनिटं झाली आणि तुम्ही एकमेकांना काहीच सांगितलं नाहीत. जेवलास का, बर्फ गेला का, कधी येणार, आणि मग देवळाच्या पत्र्याचे पैसे. ते तुझे फ्रेंड्स आहेत की नुसते तुझ्या गावचे आहेत?

लागलं गं मला ते. तू टोचायला म्हणून बोलली नव्हतीस हे माहितीये, म्हणूनच जास्त लागलं. समोर बसून सांगायला गेलो तर मी लेक्चर देतो असं तुला वाटणार, म्हणून लिहितोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, हरकत नाही, आईकडून वाचून घे. वाचून दाखवण्यावरूनच मला एक गोष्ट सांगायचीये.

त्या फोनवर जो सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता तो दत्त्या. आमच्यापासनं दोन घरं सोडून त्याचं घर. त्याची आई म्हणजे आक्का, तुझ्या आजीची रोजगार हमीच्या कामावरची जोडीदारीण, दोघी एकाच पाटीला हात लावून माती उचलायच्या. आपल्या खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात तेव्हा पाऊस म्हणजे नुसती बातमी असायची, तो पडायचा सांगलीला नाहीतर कोल्हापूरला. त्यामुळं आपल्याकडं पोरगं आठवी-नववीत अडकलं की ठरलेलं, गलाईला धाडायचं. गलाई म्हणजे सोन्या-चांदीची आटणी. सोनाराकडचं जुनं मोडीचं सोनं, दुकानातली झाडलोट, मुशीत घालून वितळवायचं, तेजाब टाकून शुद्ध करायचं, टंच काढायचा, म्हणजे सोनं किती शुद्ध ते बघायचं. आपल्या भागातली माणसं या धंद्यात कुठं कुठं पोचलीत, तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब. कुठल्याही सराफ बाजाराच्या गल्लीत शिरून मराठीत हाक मारून बघ, विट्याकडचा कुणीतरी बाहेर येतोच, अतिशयोक्ती थोडीच आहे.

दत्त्या 1991 च्या मे महिन्यात सेलमला गेला. मी चौदाचा, तो पंधराचा. सकाळच्या एसटीनं मिरज आणि तिथनं रेल्वे. मी त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेलो होतो, त्यानं जाताना त्याची भोवऱ्याची जाळी मला दिली, आणि मी ती घेतली, आणि आम्ही दोघं काहीही बोललो नाही. बघ, तेव्हापासूनच आम्हाला बोलता येत नाही.

आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळं तिच्या वतीनं पत्र लिहिणं आणि दत्त्याचं आलं की वाचून दाखवणं हे काम माझ्याकडं आलं. निळं आंतर्देशीय पत्र असायचं, तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं, फाडताना एखादा शब्द जायचाच. ती चुलीपुढं बसायची आणि मी उंबऱ्यावर. दिवाळीच्या आधी एक पत्र आलं, त्यात आतल्या घडीच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, डाव्या हातावर तेजाब सांडलंय, कातडं निघालं, सगळा हात पिवळा झालाय, आईला वाचू नको.

आता मी तर मोठ्यानं वाचत होतो. त्या पट्टीपाशी आलो आणि थांबलो. आक्का म्हणाली, "का रं, थांबलास का?" मी म्हटलं अक्षर लागत नाही. मग काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी मनानंच रचलं, की इथं जेवण लई झ्याक आहे, सगळ्यात खोबरं घालतात, रोज खोबऱ्याचं कालवण. तिनं पत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "एवढं लिवलंय आन् एवढंच वाचलंस व्हय?" तिला अक्षर कळत नव्हतं पण ओळी मोजता येत होत्या.

दोन वर्षांनी दत्त्या जत्रेला आला. हात दिसलाच. आक्कानं त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं न्हवं?" एवढंच. त्यानंतर सहा-सात महिने ती पत्र घेऊन गुरुजींकडं जायची, आमच्या दारावरनंच जायची. मी बरोबर केलं की चूक हे मला आजही सांगता येणार नाही. पोरानं सांगितलं तसं वागलो, पण पोराची आई मी नव्हतो. तुझ्याबद्दल मला असं कुणी गाळून वाचलं तर मी त्याचं काय करीन कुणास ठाऊक.

तर गावचे म्हणजे हे. तू तुझे फ्रेंड्स निवडतेस, कुणाशी जमतंय बघतेस, नाही जमलं तर बाजूला होतेस, आणि ते मला पटतं, खरंच. कधीकधी तर हेवा वाटतो, कारण तू आणि मीरा दोन तास बोलता आणि त्यात खरंखुरं काहीतरी असतं. आम्हाला कुणी निवडायला सांगितलंच नाही. एक विहीर, एक शाळा, एक टँकर. टँकर आला की आधी घागरी लावायला पळायचं, भांडायचं, आणि त्याच पोरासोबत संध्याकाळी करंजाच्या झाडावर चढायचं. आवडतो की नाही हा प्रश्न पडायला उसंतच नव्हती.

पण उगाच सगळं गोड करून सांगत नाही. आमच्या गावच्या ग्रुपवर 31 जण आहेत आणि त्यात एकही मुलगी नाही हे तू मागंच बोलली होतीस. वर्गात मुली होत्या की! पहिला नंबर कायम एका मुलीचाच असायचा. तिचं लग्न दहावीच्या सुट्टीत झालं आणि आज ती कुठं आहे हे 31 पैकी कुणालाही माहीत नाही, किंवा कुणी विचारलेलं नाही. खालच्या वस्तीतले दोघं ग्रुपवर आहेत पण कधी काही लिहीत नाहीत, त्याचं कारण मला माहीत आहे आणि ते लिहून नाही, समोर बसून सांगीन. एकानं माझ्याकडनं पैसे घेतले ते परत आले नाहीत, आता तो मला रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांनी ग्रुप सोडला, एक परत आला. आणि वर्गणी म्हणशील तर हो, मला फोन येतो त्यातले निम्मे वर्गणीचे असतात. डॉलर आहेत म्हणून फोन करतात का, असं माझ्याही मनात येतं. येऊन जातं.

तुला तो व्हिडिओ आठवतो का, गढूळ पाण्याचा, तू म्हणालीस हे काय बघतोयस? टेंभूचं पाणी होतं ते. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्यानं पंपानं वर उचलत आपल्याकडच्या माळावर आणायची योजना, 1996 ला मंजूर झाली, आम्ही तोवर आणि त्यानंतरही कित्येक वर्षं भाषणातच ऐकत होतो. मग एक दिवस ओढ्यातनं पाणी येतंय, पुढं फेस आणि काटक्या, आणि बाजूनं आमचा गावचा तात्या चप्पल हातात घेऊन पाण्याच्या पुढं पुढं पळतोय. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. ऑफिसच्या पार्किंगमधे गाडीत बसून मी तो किती वेळा बघितला. इथं कॅनडात, मिसिसागात तो कुणाला दाखवणार? तुझ्या आईलाही नाही कळणार, ती पुण्याची, तिच्या नळाला पाणी होतं. (आईला हे वाचताना राग येणार, येऊ दे.)

आणि आता जे मला लिहायचं नव्हतं ते. आक्का 2021 च्या मे महिन्यात गेली. मला मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमधे होतो, मी हात जोडल्याची इमोजी टाकली आणि दत्त्याला फोन केला सहाव्या दिवशी. सहा दिवस काय करत होतो? काही नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. दत्त्या सेलमला अडकलेला, तिकडं लॉकडाऊन, त्याला स्वतःच्या आईला अग्नी द्यायला येता आलं नाही, धाकट्यानं दिला. तिरडी बांधली तात्यानं, खांदा दिला त्यात तो गुलाबाचे फोटो पाठवणारापण होता. लाकडंही त्यानंच आणली, पैसे घेतले नाहीत. आम्ही दोघं, एक सेलमला आणि एक इथं, मोबाईलवर बघत होतो.

सहाव्या दिवशी फोन लावला तर दत्त्या म्हणाला, "जेवलास का?" मी म्हटलं हो. मग तो म्हणाला, "आक्का शेवटपर्यंत इचारायची बघ, सेलमला आजून खोबऱ्याचंच कालवण घालत्यात का." आणि हसला, आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ फोन धरून गप्प. तू म्हणतेस तसं, काहीच सांगितलं नाही एकमेकांना.

मित्र की गावचे, मला खरंच निवडून सांगता येत नाहीये. तुझ्या आजोबांना मी अहो-जाहो करायचो आणि असला प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती, तू मला अरे-तुरे करतेस आणि सरळ विचारतेस, ते मला आवडतं, तेवढं बंद करू नकोस. तुझं गाव मिसिसागाच आहे, तुला माझ्या गावची माणसं आपली वाटलीच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. थोडी इच्छा आहे, ती लपवता येत नाही, तिचं तू मनावर घेऊ नकोस.

येत्या शनिवारी रात्री नऊला परत फोन आहे, तिकडं रविवार सकाळचे साडेसहा. जत्रेतल्या कुस्त्यांच्या इनामाचं ठरायचंय, म्हणजे आरडाओरडा होणार. तू बसलंच पाहिजेस असं काही नाही. बसलीस तर फक्त दत्त्याला हाताबद्दल विचारू नकोस, तो लगेच बाही वर करून कॅमेऱ्यापुढं धरेल, आणि मग खोबऱ्याची सगळी गोष्ट पहिल्यापासून, माझा आवाज काढून सांगत बसेल.

– बाबा