बोलिव्हियाचा अभ्यास सुरू करताना

बोलिव्हियाचा अभ्यास राजधानीपासून सुरू करू नका. घटनेनुसार ती सुक्रे असली तरी सरकार ला पासमध्ये बसते, आणि नवखा वाचक तिथेच अडखळतो. त्याऐवजी नकाशावर सुमारे ४००० मीटर उंचीवरचे पोतोसी शोधा, कारण १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडल्यावर स्पॅनिश सत्तेने 'मिता' पद्धतीखाली मूळ रहिवाशांना पाळीपाळीने खाणीत कसे राबवले, हे कळल्यावाचून आजचा केचुआ आणि आयमारा हा तिथला मूळनिवासी समाज नीट समजत नाही. तिथल्या टांकसाळीत चांदीचे पत्रे लाटणारी, खेचरांच्या बळावर फिरणारी अजस्र लाकडी यंत्रे आजही पाहायला मिळतात. चिलीशी १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात किनारा गमावूनही या देशाने नौदल राखले आहे, आणि ते टिटिकाका सरोवरात गस्त घालते!