नवीन डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश टोचतो, वास मारतो, फेस टिकत नाही, परत करून टाकू का?

भाऊ, परत करू नका, एवढ्यात तरी नाही. तुम्ही लिहिलंय की ब्रश घेऊन पाच दिवस झाले, गालाला घासणीसारखा टोचतो, ओला झाला की गोठ्यासारखा वास येतो, फेस झाला झाला म्हणेपर्यंत ब्रशमध्येच गायब होतो, आणि आई म्हणतात असल्या केसांनी काहीतरी आजार लागेल. यातल्या पहिल्या तीन गोष्टी नव्या ब्रशच्या आहेत, खराब ब्रशच्या नाहीत, आणि आईंच्या बोलण्यात तथ्य आहे पण ते जुन्या काळातलं, त्यावर शेवटी येतो. मी पण नागपुरातच राहतो, सात वर्षांपासून असेच ब्रश वापरून राहिलो, आत्ता दुसरा चालू आहे आणि पहिला माझ्याच हातानं गेला.

ऑनलाइन याला बोअर ब्रश म्हणतात, पण आपल्याकडे बोअर म्हटलं की बोअरवेल, आणि बोअरच्या पाण्याचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून मी सरळ डुकराच्या केसांचा ब्रश म्हणतो.

आधी हे समजून घ्या की हा ब्रश दुकानातून अर्धाच तयार होऊन येतो. बॅजर नावाच्या जंगली प्राण्याच्या केसांचा ब्रश पहिल्या दिवशी जसा असतो जवळपास तसाच राहतो, सिंथेटिकचं पण तसंच. डुकराचा केस जाड आणि राठ असतो आणि तो स्वतः पाणी पितो. बॅजरच्या ब्रशमध्ये पाणी केसांच्या मधे मधे अडकून राहतं, इथे ते केसाच्या आत जातं आणि केस फुगून नरम पडतो. भिजला, सुकला, परत भिजला, वरून रोज साबणावर घासला गेला, असं करता करता केसाचं टोक फाटतं, एकाचे दोन, दोनाचे तीन होतात. डोक्याच्या केसांना फाटे फुटले की आपण कापून टाकतो, इथे तेच फाटे पाहिजे असतात, कारण गालाला लागतं ते टोक. खालचा केस राठच राहतो त्यामुळे ब्रशला जोर राहतो, आणि वरचं टोक मऊ होतं. म्हणून मुरलेला ब्रश गालावर मऊ लागतो पण साबण मात्र जोरात उचलतो.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. दुसरा ब्रश घेतला तेव्हा पहिल्या आठवड्यात गळलेला एक केस कागदात गुंडाळून ठेवला होता आणि सहा-सात महिन्यांनी एक गळला तो त्याच्या बाजूला ठेवला, काळ्या कागदावर, गच्चीवर उन्हात, वडिलांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन. पहिल्याचं टोक जेमतेम फाटलेलं, चिमट्यासारखं. दुसऱ्याचं टोक म्हणजे बारीक झाडूच, चार-पाच फाटे मोजले मी, आणि बोटावर फिरवला तर टोक लागलंच नाही. त्या दिवसापासून मी कोणालाच म्हणू देत नाही की हा ब्रश मऊ होतो ही नुसती मनाची समजूत आहे.

आता करायचं काय ते. पहिले शाम्पूनं दोनदा धुवा, साधा कोणताही शाम्पू, कोमट पाण्यात, बोटांनी मुळापर्यंत चोळून. वास एका धुण्यात जाणार नाही, पण तो प्राण्याच्या केसाचाच वास आहे आणि आठ-दहा दाढ्यांमध्ये साबणाच्या वासाखाली दबून जातो. मग रोज सकाळी दाढी झाली की ब्रश लगेच धुऊ नका, परत थोडा साबण भरा, तळहातावर पाच मिनिटं फेस करा आणि फेसासकट तसाच उभा ठेवून ऑफिसला जा, संध्याकाळी येऊन धुवा. पहिले आठ दिवस एवढं करा. दाढी दिवसाआड करत असाल तर मधल्या दिवशी नुसता तळहातावर फेस करून टाका, गालाला लावायची गरज नाही. नागपुरातल्या महाल भागातल्या ज्या सलूनमध्ये मी लहानपणी जायचो तिथले काका म्हणायचे, "नव्या ब्रशले आधी साबण पाजा लागते, मंगच तो गिऱ्हाइकाच्या गालाले लावाचा." त्यांचा नवा ब्रश दिवसातून वीस गालांवर फिरायचा म्हणून लवकर मुरायचा, आपल्या घरी दिवसाला एकच गाल आहे, मग आपल्याला वीस-पंचवीस दाढ्या लागतात. पूर्ण रंगात यायला दोन-तीन महिने पण लागतात, पण टोचणं त्याच्या खूप आधी थांबतं.

फेस गायब होतो त्याचं कारण वर आलंच, ब्रश कोरडा आहे आणि तोच पाणी पिऊन टाकतो, म्हणून त्याला आधीच पाजून ठेवा. आंघोळीला जायच्या आधी मगात कोमट पाण्यात केस बुडवून ठेवा (केसच, मूठ नाही), आंघोळ होईपर्यंत तयार. बाहेर काढून दोनदा हलकं झटका, मग साबणावर तीस-चाळीस सेकंद फिरवा, मोजून. आपण सगळे दहा सेकंदांत थांबतो आणि मग ब्रशला नावं ठेवतो. गोदरेजचा गोल साबण असो का ट्यूबमधली क्रीम असो, नव्या ब्रशला नेहमीपेक्षा जास्त लागते, आणि फेस सुकल्यासारखा वाटला तर थेंब थेंब पाणी घालायचं, एकदम नळाखाली धरायचं नाही. गालावर पण ब्रश दाबून चुरडू नका, पहिले दोन आठवडे भिंतीला चुना मारतात तसा वरखाली फिरवा. टोकांनीच काम होतं, दाबला की केस मुळाशी मुडपतात आणि मधल्या भागातले तुटतात.

यात तुम्ही पाण्याचं काहीच लिहिलं नाही आणि मला तीच मोठी शंका आहे. नागपुरात पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर साबणाचा फेस ठीक होतो, पण नव्या ले-आउटमधल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये बाथरूमला बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाच्या जागी पांढरा चिकट मळ बनतो, तोच ब्रशच्या मुळाशी बसतो आणि ब्रश आणखीनच राठ लागतो. एकदा वाटीभर आरओचं पाणी घेऊन त्याच साबणाचा फेस करून बघा, फरक दिसला तर दोष ब्रशचा नाहीच. मी आता भिजवायला आणि फेसाला आरओचंच पाणी घेतो, एक कप पुरतो. आणि महिन्यातून एकदा कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकून त्यात केस पाच मिनिटं बुडवून मग शाम्पू, मुळाशी बसलेला पांढरा थर सुटतो.

आता माझा पहिला ब्रश. मला तो आठ दिवसांत मऊ पाहिजे होता, कोणीतरी सांगितलं उकळत्या पाण्यात टाक, वास पण जाईल आणि केस पण शिजतील. मी टाकला, चांगला दहा मिनिटं ठेवला. केसांचा झुपका मुठीत गोंदानं, म्हणजे ग्लूनं बसवलेला असतो, तो सैल झाला, आणि चौथ्या-पाचव्या दाढीला सगळा झुपका मुठीतून निघून माझ्या हातात आला. केस पण भुरभुरीत झाले होते. अजूनही वाईट वाटतं त्याचं, चांगला ब्रश होता. तेव्हा पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, त्याच्या वर नाही. हेअर ड्रायर नाही, कंडिशनर नाही, केस कात्रीनं छाटणं तर बिलकुल नाही, छाटले की फाटलेली टोकं जातात आणि परत पहिल्या दिवसावर येता.

सुकवणं हे भिजवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. धुऊन झालं की हातानं पिळून, झटकून, टॉवेलवर चार वेळा फिरवून मोकळ्या हवेत ठेवा. बाथरूममध्ये ठेवू नका, गिझरची वाफ दिवसभर तिथेच असते. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा सावलीत ठेवलेला ब्रश पण दुपारपर्यंत खडखडीत होतो, तेव्हा उन्हात ठेवायचा मोह टाळा, लाकडी मूठ असेल तर तडकते. खरा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये, ब्रश चोवीस तासांत सुकतच नाही आणि कुबट वास धरतो. त्या दोन महिन्यांसाठी मी दुसरा साधा सिंथेटिक ब्रश ठेवलाय, एक दिवस हा, एक दिवस तो. गावाला जाताना ओला ब्रश डबीत बंद करू नका, आणि वर्षभर कपाटात पडून राहणार असेल तर लक्ष ठेवा, लोकरीच्या स्वेटरला लागते तशी कसर याला पण लागते, शेवटी तो पण केसच आहे.

आता आईंचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या जनावरांच्या केसांच्या ब्रशमुळे इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्स (जनावरांपासून माणसाला लागणारा जिवाणूंचा गंभीर आजार) झाल्याच्या केसेस खरंच झाल्या होत्या, आणि १९२० मध्ये ब्रिटननं जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशवर बंदी पण घातली होती. त्यानंतर केस निर्जंतुक करून घ्यायचे नियम आले. इटलीतल्या बोलोन्याची ओमेगा ही कंपनी १९३१ पासून असेच ब्रश बनवते आणि जगभर लोक रोज वापरतात. आईंना एवढं सांगा की ब्रश माझा एकट्याचा आहे, कोणाला देणार नाही, रोज सुकवणार. तेवढं पाळा मात्र, घरात भावाला पण देऊ नका. पण त्यांचा आक्षेप आजाराचा नसून डुकराचे केस घरात नको असा असेल, तर त्यावर वाद घालू नका, चांगला सिंथेटिक घ्या, त्याला मुरवावं पण लागत नाही.

परत कधी करायचा ते पण सांगतो. सुरुवातीला दोन-चार केस गळणार, ते झुपक्यात सैल राहिलेले असतात. पण तीन आठवड्यांनी पण प्रत्येक दाढीला सात-आठ केस गालावर सापडत असतील, किंवा एकदम पुंजका निघाला, किंवा मुठीत झुपका हलत असेल, तर तो बनवण्यातलाच दोष आहे, मुरवून जाणार नाही. रिटर्नची तारीख आजच बघून ठेवा आणि गळलेले केस एका कागदावर चिकटवत जा, दुकानदाराला दाखवायला होतात. गालावर पुरळ किंवा मुरुम असतील तर ते बरे होईपर्यंत गालाला ब्रश लावू नका, तळहातावरच मुरवा.

आणि बाराव्या-पंधराव्या दाढीला हनुवटीच्या खाली, गळ्याजवळ फिरवून बघा, तिथली कातडी नाजूक असते. काय वाटलं ते इथे लिहा, आणि बाथरूमला पाणी नळाचं आहे का बोअरचं ते पण.